वाद, जल्प आणि सहावें स्थान

फुटबॉलच्या खेळासंबंधानें या मासिकांत कांहीं लिहूं लागलों तर वाचकांपैकीं कित्येकांच्या कपाळास आठी पडेल, हें मी जाणून आहें. खेळाच्या वर्णनास वृत्तपत्रें समर्थ आहेत, आणि निकाल ज्यास हवा त्यास तो क्षणांत कळतो. मला लिहावयाचें आहे तें खेळाविषयीं लोक जें बोलतात त्याविषयीं. वाङ्मयाचा अध्यापक या नात्यानें गेलीं तीस वर्षें मी लोकांचीं मतें वाचीत व तपाशीत आलों आहें. मत कसें बनतें, तें कसें मांडलें जातें, आणि तें खोटें ठरल्यावर मत देणारा काय करितो, हे तिन्ही प्रश्न माझ्या धंद्याचेच आहेत. पहिल्या दोहोंवर ग्रंथ पुष्कळ आहेत. तिसऱ्याचें उत्तर मात्र मला ग्रंथांत न मिळतां दहिसरास, आमच्या इमारतीखालच्या बांकावर मिळालें.

दहिसर हें मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींतील पश्चिम रेल्वेचें उत्तरेकडचें शेवटचें स्थानक. त्याच्या पलीकडे मिरा रोड, म्हणजे ठाणें जिल्हा लागला. वेशीवरच्या वस्तींत असावींत तशीं येथें नाना ठिकाणांहून आलेलीं माणसें आहेत, आणि प्रत्येकानें येतांना आपला गांव थोडाबहुत बरोबर आणला आहे. २०२३ च्या जानेवारींत दहिसर पूर्वेपासून अंधेरी पश्चिमेपर्यंतची मेट्रो पुरी झाली, आणि अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलांतील मैदान, जेथें मुंबई सिटी हा संघ २०१६ पासून आपले घरचे सामने खेळूं लागला, तें आमच्या वस्तीस एकाएकीं जवळचें झालें. सामन्याच्या संध्याकाळीं फिकट निळे सदरे घातलेलीं मुलें त्या गाडींत चढतांना दिसत. माझा भाचा त्यांपैकींच एक. तो एका बँकेंत नोकरीस आहे आणि हिशेबांत पक्का आहे. मुंबई सिटीच्या बाबतींत मात्र त्याचा हिशेब नेहमीं एक-दोन गुणांनीं उदार असतो.

त्याचे प्रतिपक्षी आमचे शेजारी. हे वेंगुर्ल्याचे, वय सत्तरीच्या घरांत, पक्ष एफ. सी. गोवा. सिंधुदुर्गांतल्या माणसानें गोव्याचा अभिमान कां धरावा, असें मीं त्यांस एकदां विचारलें. ते म्हणाले, "अहो प्रोफेसर, आमच्याकडे फुटबॉल म्हणजे साळगांवकर नि डेम्पो. मुंबईस आम्ही पोटासाठीं आलों." हें उत्तर तर्काचें नव्हे, पण त्यावर कोणी वाद करीत नाहीं, व करूंही नये. आणखी एक बंगाली गृहस्थ सायंकाळीं येऊन बसतात. ते मोहन बागानचे. ते फार बोलत नाहींत; ज्याचा संघ तक्त्याच्या माथ्यावर असतो त्यास बोलण्याचें काम उरत नाहीं.

वाद कशाचा तें आधीं सांगतों. २०२४-२५ च्या हंगामांत इंडियन सुपर लीगमध्यें तेरा संघ होते आणि प्रत्येकास चोवीस सामने खेळावयाचे होते. साखळी संपल्यावर पहिले दोन संघ सरळ उपांत्य फेरींत जावयाचे. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या चौघांनीं एकेक सामना खेळून उरलेल्या दोन जागा मिळवावयाच्या. म्हणजे सहावा आणि सातवा यांच्यामधली रेघ हीच जीवनमरणाची रेघ. मोहन बागाननें ५६ गुण मिळवून पहिलें स्थान घेतलें, गोव्यानें ४८ मिळवून दुसरें. त्यांच्या मागें बंगळूर, नॉर्थईस्ट युनायटेड व जमशेदपूर हे तिघेही ३८ गुणांवर येऊन थांबले. या सर्वांच्या खालीं मुंबई आणि ओडिशा सहाव्या जागेसाठीं झगडत होते. फेब्रुवारी-मार्चांत आमच्या बांकावर पहिल्या स्थानाविषयीं क्वचितच अक्षर निघे. सारें युद्ध सहाव्याविषयीं. आम्हां साहित्यिकांचेंही असेंच आहे. ज्ञानेश्वर थोर कीं नाहींत यावर भांडण नसतें. भांडण असतें तें निवडक कवितांच्या संग्रहांतलें शेवटचें पान कोणास द्यावें यावर.

न्यायसूत्रांत गौतमानें चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय तें कळावें म्हणून प्रमाण व तर्क यांच्या आधारें पक्ष आणि प्रतिपक्ष जें बोलतात तो वाद. जिंकावयाचें म्हणून जें बोलतात, आणि त्यासाठीं छल, जाति, निग्रहस्थान हीं हत्यारें उपसण्यास कचरत नाहींत, तो जल्प. स्वतःचा पक्ष कांहींच न मांडतां दुसऱ्याचा तेवढा खोडीत बसणें ही वितंडा. मीं हीं लक्षणें वर्गांत कितीतरी वेळां समजावून दिलीं, आणि उदाहरणें नेहमीं पोथींतलीं दिलीं. 'नवकंबल' म्हणजे नवें कांबळें कीं नऊ कांबळीं, हें वाक्छलाचें तें पुरातन उदाहरण. त्यावर एकही विद्यार्थी हसलेला मला आठवत नाहीं. बांकावर बसूं लागल्यापासून मला ताजीं उदाहरणें मिळूं लागलीं.

वाक्छलाचेंच पाहा. या लीगमध्यें त्या वेळीं दोन मान होते: साखळींत पहिला येणाऱ्यास ढाल, आणि बाद फेऱ्या जिंकणाऱ्यास चषक. २०२०-२१ च्या हंगामांत मुंबईनें दोन्ही मिळविलीं, तेव्हां शब्दाची अडचण पडली नाहीं. परंतु १५ एप्रिल २०२४ रोजीं कलकत्त्यास मुंबईला २-१ असें हरवून मोहन बागाननें ढाल घेतली, आणि ४ मे रोजीं त्याच मैदानावर मुंबईनें त्यांस ३-१ असें हरवून चषक घेतला. तेव्हांपासून "त्या वर्षींचे विजेते आम्ही" असें भाचाही म्हणतो आणि बंगाली गृहस्थही म्हणतात. दोघेही खरें बोलतात, आणि दोघेही दुसऱ्यास खोटें पाडतात. 'विजेता' हा एक शब्द दोन वस्तूंवर बसला आहे, आणि ज्यास जी सोयीची ती तो उचलतो. मीं हें उदाहरण वर्गांत दिलें तेव्हां मागच्या रांगेपर्यंत हंशा पिकला, व कांहीं मुलांत तर तेथेंच जल्प सुरू झाला.

मतानुज्ञा नांवाचें एक निग्रहस्थान आहे. आपल्या पक्षावर आलेला दोष न निवारतां, "तुमच्याही पक्षांत तोच दोष आहे" असें म्हणणें, ती मतानुज्ञा. कारण असें बोलणारा आपल्यावरचा दोष नकळत मान्य करून बसतो. मुंबईचे बरोबरीचे सामने फार, असें शेजारी म्हणाले कीं भाचा तत्काळ विचारणार, "आणि काका, तुमच्या बचावफळीचें काय?" आपण शरण गेलों हें त्याच्या गांवींही नसे. वितंडेचें दर्शन क्वचित् घडे, आणि घडे तें बहुधा पंचांच्या निर्णयांवरून. चौथ्या मजल्यावरचा एक विद्यार्थी कोणत्याच संघाचा नाहीं. "हें सगळें आधीं ठरलेलें असतें" एवढेंच तो म्हणतो आणि निघून जातो. त्याच्याशीं बोलण्यांत स्वारस्य नाहीं. ज्यास हरवितांच येत नाहीं त्याच्याशीं खेळावें तरी कसें?

या सगळ्या बोलण्यांत एक शब्द शंभरदां येतो, तो 'चान्स'. मुंबईला चान्स आहे. ओडिशाला चान्स नाहीं. शब्द परका म्हणून मी त्याच्यावर रुष्ट नाहीं. टेबल आणि स्टेशन आपण पचविलींच आहेत. माझी तक्रार निराळी आहे. या एका शब्दानें मराठींतल्या तीन शब्दांचें काम काढून घेतलें: संभव, योग्यता आणि आशा. गुणांच्या गणितानें जें अजून घडूं शकतें तो संभव. खेळ पाहून अमुक संघानें पुढें जावें असें जें मनांत ठरतें ती त्याची योग्यता. आणि हीं दोन्ही संपल्यावरही जी उरते ती आशा. ७ मार्च २०२५ रोजीं कोचीस केरळ ब्लास्टर्सनें मुंबईस १-० असें हरविलें. भाचा म्हणाला, "अजून चान्स आहे." शेजारी म्हणाले, "कसलो चान्स नि काय." दोघे अर्धा तास भांडले. मीं मध्यें पडून एकेकास विचारलें तेव्हां निष्पन्न झालें तें असें. भाचा संभवाविषयीं बोलत होता: एक सामना उरला होता आणि त्यांत बरोबरी झाली तरी पुरे होतें. शेजारी योग्यतेविषयीं बोलत होते: असा खेळ करणाऱ्या संघानें पुढें जाऊन करावयाचें काय? या दोन विधानांत विरोध मुळीं नव्हताच. वाङ्मयीन वादांपैकीं निम्मे याच जातीचे असतात, असा मला फार दिवसांचा संशय आहे. एक टीकाकार कवीच्या संभवाविषयीं लिहितो, दुसरा योग्यतेविषयीं, तिसरा, जो कवीचा स्नेही असतो, तो आशेविषयीं. आणि तिघेही वर्षानुवर्षें एकमेकांचें खंडन करीत राहतात.

येथवर मीं बांकावरच्या मंडळींचे दोष दाखविले. त्यांचा जो गुण मला आमच्या मंडळींत आढळत नाहीं, तो आतां सांगतों.

पाळी प्रथम शेजाऱ्यांवर आली होती, आणि ती एक वर्ष आधीं. २४ एप्रिल २०२४ रोजीं फातोर्ड्यास गोवा आणि मुंबई यांचा उपांत्य सामना चालला होता. नव्वदावें मिनिट लागेपर्यंत गोवा दोन गोलांनीं पुढें. सामना आम्हीं शेजाऱ्यांच्याच घरीं पाहिला. त्यांनीं पत्नीस चहा टाकावयास सांगितला आणि भाच्याच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "आतां काय एक होवचां नाय." पुढच्या सहा-सात मिनिटांत मुंबईनें तीन गोल केले, त्यांतले दोन लालियनझुआला छांगटेचे. चहा आला तेव्हां सामना संपला होता. २९ तारखेस अंधेरीच्या मैदानावर मुंबईनें आणखी दोन गोल करून गोव्यास घरीं पाठविलें. दुसऱ्या दिवशीं शेजारी बांकावर येतील असें मला वाटलें नव्हतें. ते आले, आणि नेहमींपेक्षां जरा लौकरच आले. भाच्यास म्हणाले, "माजां चुकलां. शिटी वाजल्याशिवाय बोलूंक नको होतां." आणि लगेच गोव्याच्या मधल्या फळीची चर्चा त्यांनीं सुरू केली.

भाच्याची पाळी पुढच्या हंगामांत आली. ११ मार्च २०२५ रोजीं बंगळुरास मुंबईनें बंगळूरच्या संघाला २-० असें हरविलें. मुंबई ३६ गुणांवर गेली, ओडिशा ३३ वर राहिली, आणि सहावें स्थान मुंबईचें झालें. तिसऱ्यानें सहाव्याशीं खेळावयाचें असल्यामुळें गांठ पुनः बंगळूरशींच, व त्यांच्याच मैदानावर होती. भाच्यानें अनुमान मांडलें: तोच प्रतिपक्षी, तेंच मैदान, आणि आमचा विजय अवघा अठरा दिवसांपूर्वींचा, मग भीति कशाची? ऐकावयास हें गोड होतें. न्यायाच्या परिभाषेंत सांगावयाचें तर हेतु सव्यभिचार होता. कारण जो संघ एका सामन्यांत हरतो तो दुसऱ्यांतही हरतोच, अशी व्याप्ति कोठेंही सिद्ध नाहीं. शेजाऱ्यांस परिभाषा ठाऊक नव्हती; ते इतकेंच म्हणाले, "पहिल्या दिवशीं गरज तुमकां होती. आतां ती त्यांकां हा." हें वाक्य मीं टिपून ठेवलें आहे. २९ मार्च रोजीं बंगळूरनें मुंबईस ५-० असें हरविलें.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं भाचा कोणी न बोलावतां खालीं उतरला. मी खिडकींतून पाहत होतों. तो शेजाऱ्यांपुढें उभा राहून म्हणाला, "काका, चुकलों. एका सामन्यावरून हिशेब केला." शेजारी बांकावर थोडे सरकले आणि त्यांनीं त्यास बसावयास जागा करून दिली. आठवडा लोटतो न लोटतो तोंच, ६ एप्रिल रोजीं, फातोर्ड्यासच गोव्यानें पहिल्या सामन्यांतली दोन गोलांची पिछाडी भरून काढली, आणि भरपाईच्या वेळेंत सुनील छेत्रीनें डोक्यानें गोल करून बंगळुरास अंतिम सामन्यांत नेलें. पुनः तेंच मैदान आणि पुनः नव्वदाव्या मिनिटानंतरचा काळ. त्या संध्याकाळीं भाच्याजवळ बोलण्यासारखें पुष्कळ होतें. तो कांहीं बोलला नाहीं.

हा गुण यांच्या अंगीं कोठून आला याचा मीं विचार केला आहे. आमच्या आजोबांच्या पिढीनेंही मुंबईस संघांच्या संभवाविषयीं असेच कडाक्याचे वाद केले. ते पंचरंगी क्रिकेटचे दिवस होते. हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'इतर' असे संघ, व प्रत्येकाचा पक्ष जन्मानेंच ठरलेला. गांधीजींनीं १९४० सालीं त्या सामन्यांस विरोध दर्शविला, आणि १९४६ मध्यें ते कायमचे बंद झाले. तेथें हरणें म्हणजे आपल्या लोकांनीं हरणें. मग चूक कबूल कोण करणार? त्याच काळांत कूपरेजवर रोव्हर्स चषकाचे फुटबॉल सामने होत. १८९१ पासून तो चषक वर्षानुवर्षें गोऱ्या पलटणींकडेच जाई. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो पहिल्यानें हिंदी लोकांच्या हातीं आणला. आमच्या बांकावर वेंगुर्ल्याचा माणूस गोव्याचा, आणि माझा भाचा, ज्याचें मूळ गांव सातारा जिल्ह्यांत आहे, तो मुंबईचा. हे पक्ष त्यांनीं आपण होऊन धरलेले आहेत. प्रेम पुरें आहे, पण हरल्यानें जात जात नाहीं. मला वाटतें, चूक मान्य करण्यास लागणारी मोकळीक येथें आहे.

दुसरें कारण अधिक साधें आहे, आणि तें मला अधिक बोंचतें. त्यांच्या मतास तारीख असते. अमुक दिवशीं, अमुक वेळीं शिटी वाजणार, आणि बोललेलें खरें कीं खोटें तें सर्वांसमक्ष ठरणार, हें जाणून ते बोलतात. आमच्या मतास तारीख नसते. पंचवीस वर्षांपूर्वीं एका तरुण कवीच्या पहिल्या संग्रहावर मीं लिहिलें होतें कीं दहा वर्षांनंतर या कवितेचें नांव कोणी घेणार नाहीं. लेख गाजला, वाक्य कठोर असलें कीं तें गाजतेंच. त्या कवीनें पुढें कित्येक वर्षें कांहीं छापलें नाहीं. त्यास माझा लेख कारण झाला असें म्हणण्याइतका मी अहंकारी नाहीं, आणि झाला नाहीं असें छातीठोकपणें सांगण्याइतका निर्लज्जही नाहीं. आज तें पुस्तक अभ्यासक्रमांत आहे. मी तें शिकवितों, आणि मुलें म्हणतात कीं चांगलें शिकवितों. तथापि तें मत मीं आजवर कोठेंही परत घेतलेलें नाहीं. कोणी विचारलें नाहीं म्हणून घेतलें नाहीं, असें मी स्वतःस सांगत आलों. एकदां एका विद्यार्थिनीनें जुना अंक शोधून काढून विचारलें, तेव्हां मीं उत्तर दिलें कीं, माझा रोख त्या काळच्या एका विशिष्ट प्रवृत्तीवर होता. गौतमानें यास प्रतिज्ञांतर म्हटलें आहे, आणि हरल्याच्या खुणांत गणिलें आहे.

पुस्तकाचा सामना नव्वद मिनिटांत संपत नाहीं, तेव्हां टीकाकारास फुटबॉलच्या मापानें मोजूं नये, असा बचाव कोणी करील. बचाव खरा आहे. तो सोयीचाही फार आहे. माझ्या बाबतींत सामना केव्हांच संपला होता. मीं शिटी ऐकूं येत नसल्याचें सोंग केलें, इतकेंच. हें येथें लिहून ठेवतों, आणि त्या कवीस पत्रही घातलें आहे.

एक गोष्ट राहिली. या लीगच्या चालकांचा अखिल भारतीय फुटबॉल संघाशीं २०१० सालीं झालेला पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजीं संपावयाचा होता. पुढें काय, हें ठरेना. तेव्हां ११ जुलै २०२५ रोजीं चालकांनीं क्लबांस कळविलें कीं येणारा हंगाम तूर्त स्थगित आहे. खेळाडूंचें व क्लबांच्या नोकरांचें काय झालें त्याच्या बातम्या वाचकांनीं वाचल्या असतील. बांकावर काय झालें तें वृत्तपत्रांत आलें नाहीं. सप्टेंबर उजाडला, अनंतचतुर्दशी होऊन गेली, आदल्या वर्षीं याच सुमारास हंगाम सुरू झाला होता. बंगाली गृहस्थ दोन-तीन दिवस येऊन बसले आणि मग येईनासे झाले. चौथ्या मजल्यावरचा विद्यार्थी तेवढा खुशींत होता, "मी म्हणत नव्हतों?" असें त्यानें मला जिन्यांत विचारलें.

एका संध्याकाळीं मी कॉलेजांतून परत आलों तों शेजारी आणि भाचा एका कागदावर वांकून बसलेले दिसले. भाच्यानें पट्टीनें रेघा मारून गुणांचा तक्ता आंखला होता आणि डाव्या बाजूस संघांचीं नांवें लिहिलीं होतीं. खेळलेले, जिंकलेले, हरलेले, बरोबरीचे, गुण, हे सारे रकाने कोरे होते. मुंबई कितव्या ओळींत घालावी यावरून दोघांचें जुंपलें होतें. मीं विचारलें, "सामने कधीं आहेत?" भाचा म्हणाला, "मामा, तें अजून ठरलें नाहीं." शेजाऱ्यांनीं वर न पाहतां त्याच्या हातांतली पेन्सिल घेतली, आणि मुंबईचें नांव खोडून सातव्या ओळींत लिहिलें.